खाली डावीकडचा मजकूर

छत्री विसरून जावी तशी माणसं आमच्या दुकानात किस्से विसरून जायची. छत्री न्यायला निदान कुणीतरी परत येतं. किस्से तिथंच पडून राहिले, आणि दुकानातला एकुलता एक ऑपरेटर मीच असल्यामुळं ते सगळे माझ्या अंगावर साचले. मित्र म्हणतात, लिही. लिहितो. पण कुणाची भीड ठेवणार नाही. मोठ्यांची तर बिलकुल नाही. मोठ्यांनी माझी कधी ठेवली होती?

दुकान परतूरला, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर. आधी ती टायपिंगची इन्स्टिट्यूट होती, मग मशिनी गेल्या आणि कॉम्प्युटर आले. मालक अण्णा. मागच्या बाजूला त्यांचं घर, घरात काकू. लग्नपत्रिका, हँडबिलं, सभेच्या नोटिसा असं काहीबाही आम्ही टाइप करायचो आणि त्याची पीडीएफ काढून जालन्याच्या छापखान्याला पाठवायचो. मी पॉलिटेक्निक सोडून आलेला. घरच्यांच्या भाषेत, वाया गेलेला.

दुकानाचा नियम एकच. अण्णांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक ओळ बाहेर जायची नाही. पाहुणा घाईत असो, गाडी सुटायला आलेली असो, अण्णा खुर्चीत मागं रेलणार, चष्मा वर सारणार, पान बघणार आणि मगच म्हणणार, "जाऊ दे."

त्यांचा मुलगा संजूदादा पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत. तो दर दिवाळीला यायचा आणि फराळ संपायच्या आत म्हणायचा, "अण्णा, बस झालं आता. शटर ओढा अन् आईला घेऊन पुण्याला चला."

अण्णांचं उत्तर ठरलेलं. "ज्या दिवशी माझ्या नजरेतून चूक निसटंल, त्या दिवशी किल्ली मीच तुझ्या हातात देईन. तोवर इषय काढायचा न्हाई."

शब्द दिलेला होता. आणि अण्णा शब्दाचे इतके पक्के, की कधी कधी वैताग यायचा.

०००

पीडीएफ आमच्याकडं नवी नवी आली तेव्हाची गोष्ट. त्याआधी मी प्रिंट घेऊन रेल्वेनं जालन्याला जायचो. मग छापखानावाला म्हणाला, येऊ नका, पीडीएफ मेल करा. आम्ही केली. लग्नपत्रिका होती. दुपारी त्याचा फोन आला.

"अण्णा, नुसते चौकोन आलेत."

"कसे चौकोन?"

"रिकामे. अक्षर एक न्हाई."

अण्णांनी जरा विचार केला आणि विचारलं, "रांगेत हायेत ना पण?"

मार्जिन चुकलेलं नाही, एवढीच त्यांना खात्री हवी होती.

मी हुडकून काढलं. आमचा मराठी फॉन्ट छापखान्याच्या कॉम्प्युटरवर नव्हता आणि पीडीएफ काढताना तो आत टाकायला मी विसरलो होतो. एका चौकटीत टिक करायची असते, मग फॉन्ट फाइलबरोबर जातो. अण्णांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मुक्कामाला जाताना आपलं अंथरूण आपण न्यायचं. पाहुण्याच्या भरवशावर ऱ्हायचं न्हाई."

पुढं मला मोठमोठ्या शहरांत बरेच सर भेटले. यापेक्षा नीट कुणी सांगितलं नाही.

०००

एक हेडमास्तर रिटायर होणार होते. मी शाळेत असताना त्यांनी वर्गाबाहेर उभं करून करून माझे पाय पक्के केले होते, म्हणून मी त्यांना चांगलाच ओळखून होतो. ते स्वतःचं मानपत्र स्वतःच लिहून घेऊन आले. खाली लिहिलेलं, 'आपले विनम्र विद्यार्थी'.

रोज यायचे आणि एक विशेषण वाढवायचे. सोमवारी 'विद्याव्यासंगी'. मंगळवारी 'कर्तव्यकठोर'. बुधवारी 'मातृहृदयी' सांगितलं तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिलो.

मानपत्राला वेलबुट्टीची महिरप होती आणि आत मजकुराचा डबा. डबा तेवढाच, विशेषणं वाढत चाललेली. पीडीएफ काढली तर खालच्या ओळी गायब. डब्यात न मावलेला मजकूर दिसतच नाही, आत कुठंतरी दडून बसतो. 'आपले विनम्र विद्यार्थी' ही ओळच उडाली. नुसती स्तुती राहिली, करणारा कुणी नाही.

मी अण्णांच्या कानाशी म्हणालो, "असंच जाऊ द्या. खरं तेच छापलं जाईल."

अण्णा हसले नाहीत. "डबा मोठा कर."

"महिरप बिघडंल."

"बिघडू दे. महिरप छोटी कर, त्यांचं एक अक्षर कमी करू नको." मग मास्तर बाहेर पान थुंकायला गेले तेवढ्यात हळूच म्हणाले, "दिन्या, मानपत्र माणसाला एकदाच भेटतं रे. दुसरं कुणी लिहून देईना म्हणून आपलं आपण लिहावं लागलं. हसायचं काय त्याच्यात?"

मी डबा मोठा केला. 'मातृहृदयी'सकट.

०००

मी कॉलेज सोडल्यापासून माझे वडील माझ्याशी बोलत नव्हते. गावच्या सोसायटीचे ते सचिव. एकदा वार्षिक सभेची नोटीस घेऊन दुकानात आले. परतुरात दुसरं दुकान नव्हतं असं नाही. पण ते इथंच आले आणि माझ्याकडं पाठ करून अण्णांसमोर बसले.

नोटीस टाइप झाली, पीडीएफ निघाली, प्रिंट हातात दिली. अण्णांनी बघायच्या आधीच वडिलांनी वाचली आणि त्यांना म्हणाले, "याला विचारा, आकडे कुठं गेले."

खरंच. 'सभा दिनांक' च्या पुढं कोरं, 'सकाळी' च्या पुढं कोरं. सभा आहे, कधी ते नाही.

मी अण्णांना म्हणालो, "यांना सांगा, आकड्यांना दुसरा फॉन्ट लावला होता. तो पीडीएफमध्ये गेला न्हाई."

वडील अण्णांना म्हणाले, "याला म्हणा, मंग लावायचाच कशाला?"

मी अण्णांना म्हणालो, "यांना सांगा, आकडे ठळक पायजेत असं यांनीच सांगितल्तं."

अण्णांची मान एकदा इकडं, एकदा तिकडं. शेवटी ते उठले. "मला या फॉन्टमधलं काही कळत न्हाई. तुम्ही दोघं बोला, मी चहा सांगून येतो."

आणि खरंच गेले. चहाचा गाडा समोरच होता, पण अण्णा चांगला अर्धा तास आले नाहीत.

बऱ्याच वेळानं वडील भिंतीकडं बघत म्हणाले, "आले का आकडे?"

"आले."

"बरं."

एवढंच. पण त्या दिवसापासून घरी माझं ताट वाढलं की, ते आपलं ताट ओढून दुसऱ्या खोलीत जायचे, ते बंद झालं.

०००

आता खरी गोष्ट. धावड्याचे एक मामा भाचीच्या लग्नाची पत्रिका करायला आले. भाची परतूरची, म्हणून काम आमच्याकडं. पत्रिकेत वर डावीकडं नवरदेव, उजवीकडं नवरी, खाली डावीकडं निमंत्रकांची ही एवढी नावं, उजवीकडं लग्नाचं ठिकाण. मी टाइप केलं. अण्णांनी वर्डमध्ये तपासलं, सगळं बराबर. पीडीएफ काढून समोर धरली. अण्णा मागं रेलले, चष्मा वर सारला.

"दिन्या, खाली डावीकडचा मजकूर उडालाय."

मी बघितलं. होता की. "हाये की अण्णा."

"कुठं हाये? कोरं हाये."

मला वाटलं, त्यांनी जुनी फाइल उघडली असेल. नवीन काढली. तेच. मग मी एकेक करत गेलो. फॉन्ट आत टाकला होता का? होता. डबा मोठा होता का? होता. पीडीएफ काढायचा प्रोग्रॅम बदलला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली. अण्णांचं एकच, "वर्डात दिसतंय, पीडीएफमध्ये दिसत न्हाई. म्हणजे पीडीएफमध्येच गडबड हाये."

छापखान्याला फोन लावला. तो म्हणाला, "आहेत की नावं. सगळी दिसतात."

अण्णा फोनवर म्हणाले, "डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन ये."

धावड्याचे मामा घाबरले. त्यांनी स्क्रीनच्या अगदी जवळ नाक नेलं आणि म्हणाले, "मला तर माझं नाव दिसून राह्यलंय."

"आपलं नाव सगळ्यांनाच दिसतं, मामा," अण्णा म्हणाले. "तुम्ही बसा."

०००

माझं डोकं फिरलं होतं. खरं सांगतो, मला वाटलं म्हातारा हट्टाला पेटलाय. म्हाताऱ्यांना हट्टाचा कंटाळा येत नाही, हे मी घरात बघितलेलं होतं. प्रिंट काढली आणि अण्णांच्या समोर धरली.

"खाली डावीकडं काय हाये?"

"कोरं."

मी कागद उलटा धरला, डोकं खाली. का धरला ते मला आजही सांगता येत नाही. रागानंच असेल.

"आता?"

अण्णा बघत राहिले. "आता नवरीचं नाव गेलं."

"अन् निमंत्रक?"

"ते वर आलेत. उलटे टांगलेत, पण हायेत सगळे."

दारात काकू उभ्या होत्या, हातात पीठ. मी कागद हळूहळू फिरवला. जो कोपरा खाली डावीकडं यायचा, तोच अण्णांच्या लेखी जायचा. वर्डमध्ये पान मोठं करून, सरकवत सरकवत ते एकेक ओळ वाचायचे, म्हणून तिथं काही निसटत नव्हतं. पीडीएफ मात्र अख्खी समोर उभी राहायची आणि ते एका नजरेत बघायचे.

माझा सगळा राग कुठं गेला कुणास ठाऊक. कागद खाली ठेवायचा तेही सुचेना.

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. मग मामांना म्हणाले, "पत्रिका ठीक हाये, मामा. दिन्यानं बघितली. जाऊ द्या."

दुकान चालू झाल्यापासून पहिल्यांदा, अण्णांनी न बघितलेलं पान बाहेर गेलं.

०००

जालन्याला डॉक्टरकडं मीच घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होता, समजावून सांगणारा. म्हणाला, डोळे चांगले आहेत, पण डोक्यातली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली, त्यामुळं दोन्ही डोळ्यांना खालच्या डाव्या अंगाचं दिसत नाही. गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही. साखर आणि बीपी सांभाळा, म्हणजे राहिलेलं राहील.

येताना गाडीत अण्णा खिडकीशी बसले. बाहेर बघत म्हणाले, "काय म्हणाला डॉक्टर? डोळे चांगले हायेत म्हणाला ना?"

"हो, पण..."

"बस. तेवढंच घरी सांगायचं."

काकूंना तेवढंच सांगितलं. काकूंनी उलटतपासणी घेऊन उरलेलं माझ्याकडून पाच मिनिटांत काढून घेतलं आणि दम भरला, "संजूला कळता कामा न्हाई. तो गाडी करून येईल अन् दोघांना उचलून नेईल. यांचा जीव तिथं रमणार न्हाई, दिनू. ते या खुर्चीतच बरे."

०००

मग आम्ही तोड काढली. प्रत्येक पीडीएफची प्रिंट काढायची, तिला चार घड्या घालायच्या आणि एकेक घडी अण्णांसमोर जराशी वर, जराशी उजवीकडं धरायची. एवढंसं पान असलं की काही निसटत नव्हतं. अण्णा पहिल्यासारखे चुका धरायला लागले. माझ्या तर जास्तच.

गिऱ्हाइकांना कारण माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, ही तपासायची कसली तरी खास पद्धत. मोंढ्याच्या बाजारातला एक कापसाचा व्यापारी एकदा आमच्यावर रुसून दुसऱ्या दुकानात गेला. तिथल्या पोरानं हँडबिल स्क्रीनवर दाखवलं. व्यापारी म्हणाला, "घड्या घालून बघितलं का?"

पोरगा म्हणाला, "घड्या कशाला?"

"मंग तुम्हाला काम येत न्हाई," असं म्हणून तो परत आमच्याकडं आला.

अण्णांनी त्याचं हँडबिल घड्या घालून तपासलं. त्यानं मान डोलावली. जाताना म्हणाला, "पहिलंच बराबर होतं आपलं."

०००

आणि एक दिवस, दिवाळी नसताना, काही न कळवता संजूदादा आला. लॅपटॉप घेऊन. बाकावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "अण्णा, पुण्यात फ्लॅट घेतला ना, त्याची वास्तुशांत हाये. पत्रिका मीच केली. पीडीएफ आणलीय. तुमच्या नजरेखालून एकदा जाऊ द्या म्हटलं."

पुण्यात काय छापखाने नाहीत? पुण्यात काय वाचता येणारी माणसं नाहीत? हा पत्रिका तपासायला आलेला नाही, बाप तपासायला आलाय. सुशिक्षित माणसं अशीच असतात, वार करताना आधी पाणी मागतात.

मी उठलो. "प्रिंट काढून आणतो."

"नको," संजूदादा म्हणाला. "कागद कशाला वाया घालवायचा? स्क्रीनवरच बघतील." आणि त्यानं अख्खं पान अण्णांसमोर उभं केलं. वर गणपती, मधे मजकूर, उजवीकडं पत्ता.

काकू चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

अण्णा मागं रेलले. चष्मा वर सारला. बघितलं. मान जराशी वळवली, परत सरळ केली. त्यांचा हात टेबलावर होता, तो त्यांनी मांडीवर घेतला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अण्णा, नुसतं 'ठीक हाये' म्हणा, एकदा खोटं बोला. आयुष्यभर खरं बोलून काय मिळवलंत?

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "संजू, मला खाली डावीकडं काही दिसत न्हाई."

सरळ सांगून टाकलं. ड्रॉवर उघडला आणि दुकानाची किल्ली शोधायला लागले.

मी संजूदादाकडं बघितलं. तो स्क्रीनकडं वाकला. पुन्हा वाकला. मग कपाळाला हात लावून म्हणाला, "अण्णा, खरंच न्हाई हो तिथं काही. निमंत्रकच राहिले. एवढ्या वेळा बघितलं मी, माझ्या लक्षात न्हाई आलं. बराबर धरलंत तुम्ही."

मी धावत टेबलाच्या त्या बाजूला गेलो. खाली डावीकडं कोरं होतं. पांढरं शुभ्र. माझ्याही डोळ्यांना.

अण्णांचा हात ड्रॉवरमध्येच राहिला. "न्हाई? न्हाई म्हणजे?"

"म्हणजे छापायचं राहिलं."

अण्णा खुर्चीत ताठ झाले. आवाज चढायला लागला. "निमंत्रक राहिले? घरात वडीलधारी जिवंत असून पत्रिकेला निमंत्रक न्हाई? काय इंजिनीअर झालास रे तू? लोक म्हणतील बापानं पोराला टाकलं. अन् हे तू छापायला देणार होतास?"

"चुकलं, अण्णा."

"चुकलं म्हणे. अशानं कंपनीत काय उजेड पाडून राह्यला?"

काकूंनी संजूदादाकडं एकदा बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. संजूदादा खाली मान घालून ऐकत राहिला. मी माणसं शिव्या खाताना खूप बघितलीत, स्वतःही खाल्ल्यात. इतक्या आनंदानं खाताना कुणाला बघितलं नव्हतं.

अण्णा मला म्हणाले, "दिन्या, बघ याची फाइल. ठीक करून दे अन् नवीन पीडीएफ काढ."

मी लॅपटॉप माझ्याकडं ओढला, वर्डची फाइल उघडली. तिथंही कोरंच. सवयीनं त्या कोऱ्या जागेवरून माउस फिरवला. निळ्या पट्टीत दोन ओळी उमटल्या. अण्णांचं नाव, आणि खाली काकूंचं. सगळी पत्रिका काळ्या रंगात होती. ह्या दोनच ओळींना पांढरा रंग दिलेला होता.

मी रंग काळा केला, पीडीएफ काढली, प्रिंट घेतली, चार घड्या घातल्या. अण्णांनी एकेक घडी तपासली आणि म्हणाले, "जाऊ दे."

मग ड्रॉवर बंद केला आणि नेहमीसारखं विचारलं, "काय झाल्तं रे?"

मी संजूदादाकडं बघितलं. तो बाकावरून खाली वाकून बुटाची लेस बांधत होता. बराच वेळ बांधत होता. त्याच्या बुटांना लेस नव्हती.